जुन्या व्हीएचएस कॅसेट घरीच कॉम्प्युटरवर घ्यायच्या तर एकूण खर्च किती येतो?

चिंचेचं_बुटुक

नमस्कार मंडळी. सांगलीच्या घरात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली तर आत पंधराएक व्हीएचएस कॅसेट निघाल्या. आईबाबांचं लग्न (१९८९), माझं बारसं, आजोबांची एकसष्टी, मामाच्या लग्नाच्या तर दोन, भाग १ आणि भाग २, आणि एकीवर नुसतंच "शिर्डी + इतर" लिहिलंय, त्या इतरमध्ये काय आहे ते कुणालाच आठवत नाहीये. २०१९च्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, फोटोंचे अल्बमसुद्धा, त्यामुळे आजी-आजोबा चालताबोलताना दिसतील असं एवढंच काय ते उरलंय.

इथल्या एका दुकानात कॅसेटमागे ४०० रुपये सांगितले. नवरा म्हणतो व्हीसीआरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं यूएसबी डोंगल ७०० रुपयांत ऑनलाइन मिळतं, लॅपटॉप आहेच, सहा हजार कशाला घालवायचे. पण व्हीसीआर कुठाय आमच्याकडे? तो नवीन मिळतो का अजून? जुना घ्यायचा तर केवढ्याला पडतो? आणि डोंगल सोडून अजून काय काय लागतं जे त्या यूट्यूबवाल्यांनी सांगितलेलं नाही? मला कॉम्प्युटरमधलं जेमतेम कळतं पण सांगितलं तसं करेन. बजेट दहा हजारांपर्यंत ताणू शकते. काकाच्या हँडीकॅमच्या छोट्या कॅसेटपण आहेत पाच-सहा, त्या मोठ्या कॅसेटच्या आकाराच्या कव्हरात घालून व्हीसीआरला लावता येतात म्हणे, खरंय का?

बिनधास्त_बंड्या

ताई, सरळ दुकानात देऊन मोकळ्या व्हा. कॅसेट तीन तासांची असेल तर कॉपी व्हायला तीन तासच लागतात, पेनड्राइव्हसारखं भर्रकन होत नाही. पंधरा कॅसेट म्हणजे महिन्याभराचे शनिवार-रविवार गेले समजा. फक्त द्यायच्या आधी विचारा की फाइल कुठल्या प्रकारात आणि केवढ्या साइजची देणार. डीव्हीडी देतो म्हणाला तर उठून या, डीव्हीडी लावायला ड्राइव्ह आहे कुणाच्या लॅपटॉपला आता?

खटपट्या

बंड्याशी निम्मा सहमत. फक्त पैसे वाचवायला हे करणार असाल तर करू नका, पंधरा कॅसेटसाठी घरचा सेटअप दुकानापेक्षा महागच पडतो. करायचं तर दोनच कारणांसाठी, एक म्हणजे कॅसेट घराबाहेर जात नाहीत आणि दुसरं म्हणजे क्वालिटी आपल्या हातात राहते. हे पटत असेल तर पुढे वाचा, जरा लांबलंय.

सगळे चर्चा करतात डोंगलची, पण पैसा घालायचा तो प्लेयरवर. टेपवरचं जे प्लेयरने नीट वाचलंच नाही ते पुढे कितीही भारी यंत्र लावा, येणार कुठून? नवीन व्हीसीआर आता जगात कुठेच बनत नाही. जपानची फुनाई ही शेवटची कंपनी उरली होती, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे जे आहे ते सगळं जुनंच, आणि जुन्यात पण दोन भाव. "चालू आहे" असं म्हणून जो विकतात तो दोन-अडीच हजारांत मिळतो, आणि एखाद्या जुन्या मेकॅनिकने बेल्ट बदलून, हेड (टेप वाचणारा भाग) साफ करून दिलेला पाच ते सात हजारांत. हा माझा पुण्यातला अंदाज, कोल्हापूर-सांगलीकडे जरा कमीही पडेल. दुसराच घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनचे रबरी बेल्ट सैल होतात, टेप ओढणारा पिंच रोलर कडक होतो, ग्रीस वाळून चिकट होतं, आणि मग ते मशीन टेप खातं. टेप खाल्ली म्हणजे शब्दशः, आतल्या रोलरला गुंडाळून चुरगाळते. आईबाबांच्या लग्नावर असला प्रयोग नको.

तुम्हाला रेकॉर्ड करायचं नाहीये, त्यामुळे व्हीसीपी मिळाला तरी चालेल, म्हणजे नुसता प्लेयर. तो थोडा स्वस्त पडतो. घ्यायला जाताना घरातली एखादी बिनकामाची कॅसेट बरोबर न्या, टीव्हीवरून टेप केलेल्या पिक्चरची वगैरे. तिथेच लावून निदान वीस मिनिटं चालू द्या. पुढे-मागे फिरवून बघा, आणि बाहेर काढल्यावर पुढची झाकणी उचलून टेपची कड बघा. कड दुमडलेली किंवा झालर लावल्यासारखी दिसली तर मशीन घेऊ नका, विकणारा कितीही गोड बोलला तरी.

आता डोंगल. ही सगळी दिसायला एकसारखी, आत चिप मात्र वेगवेगळी, आणि डब्यावर त्यातलं काही लिहिलेलं नसतं. लोक सरसकट सगळ्यांनाच ईझीकॅप म्हणतात. ५००-७०० वालं लागलं तर लॉटरी. दीड-दोन हजारांतलं घ्या, परत घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या, आणि तुमच्या विंडोजला ड्रायव्हर मिळतो का ते आधी विचारा. डोंगल लॅपटॉपच्या पोर्टला थेट लावा, यूएसबी हबमधून नको. कॅप्चर (म्हणजे टेप लॅपटॉपवर उतरवणं) चालू असताना लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करा आणि वायफाय बंद ठेवा, नाहीतर ऐन मंगलाष्टकात विंडोजला अपडेट आठवतं.

पिवळी-लाल-पांढरी केबल शंभर-दीडशेला मिळते. बऱ्याच जुन्या मशीनला आवाजाचं एकच भोक असतं, मोनो, तिथे पांढरी पिन लावा, लाल तशीच राहू द्या.

सेटिंगमध्ये लोक फार गोंधळ घालतात. आपल्या कॅसेट पाल पद्धतीच्या. म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक रेषा. कॅप्चर करताना ७२० बाय ५७६ आणि २५ फ्रेम, बस. ३० फ्रेम ठेवलं की चालणारी माणसं अडखळायला लागतात. १०८० ठेवलं म्हणून फोटो स्पष्ट येत नाही, फाइल तेवढी फुगते. कॉम्प्युटरवर बघताना हलणाऱ्या गोष्टींच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतील, घाबरू नका, ते नंतर डीइंटरलेस करून, म्हणजे सॉफ्टवेअरने त्या एकाआड एक रेषा भरून काढून, जातं, आणि करताना सेकंदाला ५० फ्रेम ठेवलंत तर हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी सुळसुळीत दिसते.

आणि जागा. काहीही न गमावता कॅप्चर करायचं तर तासाला साधारण तीसएक जीबी जातात. एवढं नको असेल तर ८ एमबीपीएसला एमपेग-२ (दाबून छोटी केलेली फाइल) करा, तासाला साडेतीन-पावणेचार जीबी. मी म्हणेन लग्न आणि आजोबांची एकसष्टी मोठ्या साइजमध्ये करा, बाकी छोट्या. एक टीबीची हार्डडिस्क पाच-सहा हजारांच्या आसपास धरा.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. रिळाच्या काळ्या चकतीवर पांढरे ठिपके किंवा पावडर फासल्यासारखे पट्टे दिसले तर ती बुरशी. पुराच्या घरात, कोल्हापूर-सांगलीच्या दमट हवेत असणारच काही. अशी कॅसेट मशीनला अजिबात लावू नका, बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. ती वेगळी काढून पिशवीत ठेवा आणि तेवढीच बाहेर साफ करायला द्या.

शूटिंगवाला_९३

खटपट्याभाऊंनी बरंच सांगितलं. मी नव्वदच्या दशकात सोलापूर, पंढरपूर भागात लग्नाची शूटिंग करायचो, खांद्यावर पॅनासॉनिकचा एम सिरीजचा कॅमेरा आणि मागे सनगन धरलेला पोऱ्या. त्या उजेडाने भटजी घामाघूम व्हायचे आणि मुलीकडच्या बायका आमच्यावर उखडायच्या, पण सनगन बंद केला तर मांडवात काळोख.

तुमच्या हातात आहे ती कॅसेट बहुतेक मूळ कॅसेट नाही. आम्ही शूट करायचो ती मास्टर, मग मिक्सिंगला बसायचो, त्यात बदामातले फोटो, फुलं पडणं, गाणी हे सगळं टाकून दुसरी कॅसेट तयार व्हायची, आणि घरच्यांना त्याच्याही कॉप्या. दर कॉपीला रंग थोडा पसरतो, लाल तर सगळ्यात आधी, म्हणून नवरीचा शालू भडक डागासारखा दिसतो. तो तुमच्या सेटअपचा दोष नाही, त्याच्यावर पैसे घालू नका. नातेवाइकांकडे त्याच लग्नाची दुसरी कॅसेट असेल तर मागवून बघा, कधीकधी मामाकडची कॉपी आपल्यापेक्षा चांगली निघते. मास्टर विचारायला जाऊ नका, आम्ही तीच पुढच्या मुहूर्ताला वापरायचो. कॅसेट महाग होती हो तेव्हा.

अजून एक. चित्राच्या अगदी खाली दोन-चार रेषा फडफडताना दिसतील. तेही नॉर्मल. टीव्हीच्या चौकटीत तो भाग झाकला जायचा, कॉम्प्युटर सगळंच दाखवतो. कॅप्चर करताना काही कापू नका, शेवटी काळी पट्टी टाकली की झालं.

आणि हे आधी करा, कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची टॅब असते, ती मोडून टाका. ती मोडली की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी कॅसेट पुसली जात नाही. कुणी आधीच मोडून त्यावर सेलोटेप चिकटवली असेल तर ती सेलोटेप काढा.

न्यूजर्सीची_पाहुणी

विषय निघालाच आहे म्हणून. माझ्या लग्नाची कॅसेट सासूबाईंनी इकडे पाठवली होती, आणि इकडच्या व्हीसीआरला लावली तर नुसती धावणारी राखाडी चादर. अमेरिकेत एनटीएससी, भारतात पाल, कॅसेट दिसायला सेम पण आतला मामला वेगळा. इकडे दोन्ही चालवणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर शोधायला गेले तर जुन्यातही एवढा महाग की त्यात कॅसेट भारतात पाठवून परत आणण्याचा खर्च निघाला असता. शेवटी भावाने नाशिकला करून फाइल पाठवल्या.

चिंचेचं_बुटुक, तुमच्यात कुणी परदेशातून पाठवलेली कॅसेट असेल तर आधीच वेगळी काढा. भारतातले काही व्हीसीआर ती टीव्हीवर दाखवतात पण डोंगलला तो सिग्नल झेपत नाही, काळं-पांढरं चित्र येतं किंवा येतच नाही.

चिंचेचं_बुटुक

बापरे, केवढं सांगितलंत सगळ्यांनी. टॅब तर मला माहीतच नव्हती, लगेच बघितलं, एकसष्टीच्या कॅसेटची शाबूत आहे! आणि हो, बुरशी आहे, चार कॅसेटवर. त्यातली एक नेमकी बारशाची.

शंका. हे एव्ही टू एचडीएमआय डबी आणि एचडीएमआय कॅप्चर असं दोन्ही मिळून हजार-बाराशेत होतंय, ते जास्त नवीन आहे ना, मग ते का नको? आणि छोट्या कॅसेटचं कुणीच बोललं नाही.

रात्रीचा_राजा

एचडीएमआयवाल्याच्या नादी लागू नका. ती छोटी डबी चित्र ओढूनताणून रुंद करते आणि सेकंदाला ६० करून बाहेर फेकते. ४ बाय ३ चं १६ बाय ९ झालं की घरातली सगळी मंडळी जाडी दिसतात, आमच्याकडे एकाने अशीच सगळी लग्नं केली आणि आत्या अजून त्याच्याशी नीट बोलत नाही. रुंदी नंतर दुरुस्त होते एक वेळ, पण डबीने आत जे डीइंटरलेस केलेलं असतं ते परत उलगडता येत नाही.

खटपट्या

+१. नवीन म्हणून चांगलं असं इथे चालत नाही.

छोट्या कॅसेटचं. आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा, सगळं त्यावर आहे. व्हीएचएस-सी लिहिलं असेल तर ते कव्हराचं खरं आहे, अडॅप्टर मिळतो आणि ती कॅसेट साध्या व्हीसीआरला चालते. व्हिडिओ ८ किंवा हाय ८ असेल तर असा अडॅप्टर अस्तित्वातच नाही, त्याची टेप ८ मिलिमीटरची आणि व्हीएचएसची अर्ध्या इंचाची, ऑनलाइन कुणी तसं विकत असेल तर फसवतोय. त्याला काकाचाच हँडीकॅम लागणार. आणि मिनी डीव्ही असेल तर ती मुळात डिजिटलच आहे, तिचं कॅप्चर नाही, कॉपी करायची, फायरवायर केबलने, एका तासाला १३ जीबीच्या आसपास, आणि क्वालिटी जशीच्या तशी. ती पिवळ्या केबलने घेऊ नका, हातातलं डिजिटल अ‍ॅनालॉग करून परत डिजिटल कशाला करायचं. फक्त लॅपटॉपला आता फायरवायर पोर्ट नसतो, डेस्कटॉपमध्ये हजार-दीड हजाराचं कार्ड बसतं.

आणि मघाशी एक राहिलं. काही कॅसेटमध्ये अर्ध्या तासानंतर आवाज आणि ओठ जुळेनासे होतात. कारण असं की जुनी टेप ताणलेली असते, मशीन एका ठरलेल्या लयीत रेषा देत नाही, टीव्ही तेवढं सांभाळून घ्यायचा, डोंगल घेत नाही, तो सरळ फ्रेम गाळतो. ही लय सुधारणारं यंत्र म्हणजे टाइम बेस करेक्टर, स्टुडिओतलं, त्याची किंमत ऐकून झोप उडेल. घरगुती जुगाड म्हणजे कुणाकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडला असेल तर तो मध्ये लावायचा, व्हीसीआरमधून त्याच्यात आणि त्याच्यातून डोंगलला, काही रेकॉर्डर सिग्नल बराच सरळ करून देतात. लक्षात घ्या, रेकॉर्डर, नुसता प्लेयर नाही, प्लेयरला आत यायची वाटच नसते. आधी विकत घेऊ नका, आवाज सरकायला लागला तर ओळखीत विचारा.

सुगरण_पण_हट्टी

हेड साफ करण्याबद्दल एक, कारण माझ्या बाबांचं रिपेअरिंगचं दुकान होतं. कानातले कापसाचे बड वापरू नका, कापसाचा तंतू हेडच्या फटीत अडकतो आणि हेड गेलं की मशीन गेलं. साधा स्वच्छ कोरा कागद, त्याची छोटी घडी, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्केवालं, अर्ध्या लिटरची बाटली तीनशेच्या आसपास), घडी एका हाताने ड्रमला (हेड बसवलेला गोल फिरता भाग) हलकी टेकवून स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवायचा. कागद वर-खाली अजिबात घासायचा नाही. कागदावर तपकिरी रेघ आली म्हणजे मळ निघतोय. आधी प्लग काढा हे सांगायला नको. बाबा म्हणायचे की निम्मी गिऱ्हाइकं "फोटो बर्फासारखा येतो" म्हणून येतात आणि त्यांना एवढंच लागतं.

बुरशीच्या कॅसेटसाठी बारशाचीच आधी द्या, आणि देताना विचारा की कॅसेट उघडून साफ करणार का तशीच लावून बघणार. तशीच लावतो म्हणाला तर परत घेऊन या.

बिनधास्त_बंड्या

एक यूट्यूबचं सांगतो. लग्न अनलिस्टेड करून टाकलं की नातेवाइकांना लिंक पाठवता येते, फुकट, पण शूटिंगवाल्या काकांनी मागे जी पिक्चरची गाणी टाकलीयेत ना त्यांच्यावर कॉपीराइटचा दावा येतो, कधीकधी आवाजच म्यूट होतो. आमच्या वहिनीच्या लग्नात सप्तपदी मुकी झाली. त्यामुळे यूट्यूबला बॅकअप समजू नका, मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा.

शूटिंगवाला_९३

हा हा, त्यावेळी कॉपीराइट कुणी ऐकला होता, पार्टी स्वतःच गाण्यांची यादी आणून द्यायची!

चिंचेचं_बुटुक

तर मंडळी, असं ठरलंय. कोल्हापूरच्या एका मेकॅनिकाकडे सर्व्हिस केलेला व्हीसीपी बघितला, ४८०० म्हणतोय, टीव्हीवर पिक्चरची कॅसेट लावून पाहिली, कडा ठीक आहेत, शिवाय महिन्याभरात बिघडला तर दुरुस्त करून देईन असं कागदावर लिहून देतोय. डोंगल १६००, केबल १५०, अल्कोहोल ३००. हार्डडिस्क नवऱ्याच्या ऑफिसच्या कामाची एक रिकामी आहे ती सध्या घेतो, दुसरी दिवाळीत. म्हणजे आत्ता ६८५०. बुरशीच्या चार कॅसेट बाहेर द्यायच्या त्याचे साफसफाईसकट ७०० प्रमाणे २८००. सगळे मिळून ९६५०, बजेटमध्ये बसलं पण दुकानाच्या सहा हजारांपेक्षा जास्तच, नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाहीये. तसं दुकानवाल्याने बुरशी बघून भाव वाढवलाच असता म्हणा.

छोट्या कॅसेट हाय ८ निघाल्या. काकाचा हँडीकॅम चुलतभावाकडे आहे, चार्जर हरवलाय.

खटपट्या

चार्जरसाठी घाबरू नका, कॅमेऱ्याच्या खाली किंवा बॅटरीच्या खोबणीत व्होल्टेज लिहिलेलं असतं, तेवढ्याच व्होल्टचा, तीच पिन आणि प्लस-मायनसही तसेच असलेला अडॅप्टर चालतो, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. व्होल्टेज मात्र अंदाजाने लावू नका.

व्हीसीपी घेताय ते चांगलं. काम झालं की तो विकला जातो, बरेच जण शोधत असतात, म्हणजे तुमचे तीन-साडेतीन हजार परत येतील, मग दुकानाच्या आसपासच पडेल हिशेब. लावायची सुरुवात शिर्डी + इतर पासून करा, लग्नापासून नको. आणि प्रत्येक कॅसेट कॅप्चर करायच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या, एवढी वर्षं एकाच ताणात बसलेली असते ती.

न्यूजर्सीची_पाहुणी

व्हीसीपी विकणार असाल तर मला आधी सांगा. नाशिकला अजून सासरच्या सात-आठ पडल्यात.

रात्रीचा_राजा

मी साताऱ्यातून, मीपण रांगेत. नाशिकच्या आधी सातारा लागतो.